सव्वादोनशे वर्षं फादरांविना

17 मार्च 1865ची दुपार. नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच मिशनऱ्यांनी नुकतंच एक चर्च बांधलं होतं, तेही परदेशी रहिवाशांपुरतं. जपानी माणसाला ख्रिस्ती होण्याची बंदी 1614 पासून होतीच. त्या दिवशी उराकामी गावातले दहा-पंधरा जण दाराशी घुटमळताना दिसले. फादर प्तीजाँ यांनी त्यांना आत घेतलं आणि ते स्वतः गुडघे टेकून प्रार्थनेला बसले. तेवढ्यात एक बाई जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आमचं मनही तुमच्यासारखंच आहे." म्हणजे तेही ख्रिस्तीच होते, पिढ्यान्‌पिढ्या लपून. लगेच पुढचा प्रश्न : सांता मारियाची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती कुठंय?

जपानात वावरणारा शेवटचा पाद्री 1644 साली मारला गेला होता. म्हणजे सव्वादोनशे वर्षं ना मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना), ना फादर, ना चर्च. जे काही पोचलं ते घरातून. (ओउराचं चर्च ज्या 26 हुतात्म्यांच्या नावानं आहे, त्यांत आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सियाही आहेत. 5 फेब्रुवारी 1597ला त्यांना याच शहरात क्रूसावर चढवलं.)

हे जमलं कसं? गावात एक जण सणावारांचं पंचांग सांभाळायचा, दुसरा बाळांना बाप्तिस्मा द्यायचा. पण खरी शाळा घरचीच. नागासाकीत नव्या वर्षी अधिकारी येशूची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवत आणि प्रत्येकाला तिच्यावर पाय द्यायला लावत. लोक पाय देत, घरी येत आणि 'कोंचिरिसान' म्हणत. पोर्तुगीज शब्दाचं हे जपानी रूप. कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला पाद्री नसताना म्हणायची ही पश्चात्तापाची प्रार्थना. घरात कुणी गेलं, तर बौद्ध भिक्खूला बोलावणं सक्तीचं असे. तो पुढं मंत्र म्हणायचा, तेव्हा शेजारच्या खोलीत घरचे लोक दबक्या आवाजात आपली प्रार्थना म्हणून त्या मंत्रांचा प्रभाव पुसून टाकत.

कोपऱ्यात बसलेल्या सहा वर्षांच्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कुणी त्याला काही समजावलेलं नाही. पकडलं गेलं तर जीव जाईल अशी गोष्ट आईबाप करताहेत, एवढं मात्र त्याला दिसतंय.

मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी 2009 साली नेमकं हेच मांडलं. बोलण्याला काही खर्च येत नाही. म्हणून शिकणारा मेंदू, सांगणारा स्वतः त्यापायी काय सोसतो हे बघतो आणि मग विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' हे पोरांना आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर कळतं.

शांततेच्या काळातही चित्र फारसं वेगळं नाही. अमेरिकेत 2002-03 मध्ये 3,290 किशोरवयीन मुलामुलींशी बोलून समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पुढं दहा वर्षं त्यांचा माग ठेवला. मित्र, शाळा, धर्मशिक्षणाचे वर्ग या सगळ्यांहून आईवडिलांचा प्रभाव जास्त निघाला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा 1970 पासून पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करणाऱ्या व्हर्न बेंगट्सन यांना आणखी एक गोष्ट दिसली : आईवडील कितीही धार्मिक असोत, घरात माया नसेल तर श्रद्धा पुढं नीट जात नाही. त्यातही बापाची जवळीक महत्त्वाची. नेमाने चर्चला जाणारा, पण पोरांशी तुसडा वागणारा बाप इथं फारसा उपयोगाचा नाही.

पण घराचा प्रभाव सगळ्यात मोठा म्हणजे घर जिंकतंच, असं नाही. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या 2014च्या पाहणीत, कॅथलिक घरात वाढलेल्या अमेरिकनांपैकी 41 टक्के आता स्वतःला कॅथलिक म्हणवत नव्हते. मिनेसोटातल्या जुळ्यांवरच्या 2005च्या अभ्यासानुसार, माणूस किती धार्मिक आहे यातला घरच्या वातावरणाचा वाटा बालपणी 56 टक्के असतो, मोठेपणी तो 18वर येतो. जनुकांचा वाटा 12 वरून 44 टक्क्यांवर जातो. कॅथलिक असण्याचं जनुक असतं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. नागासाकीच्या कथेतही एक फसगत दडलेली आहे : आपल्याला भेटतात ती टिकलेली घरं. ज्यांनी मधल्या सात-आठ पिढ्यांत सोडून दिलं, ते ओउराच्या दाराशी आलेच नाहीत.

1873 साली बंदीचे फलक उतरले आणि मग गंमत झाली. बरेच जण चर्चमध्ये परतले, पण अनेकांनी नकार दिला. रोमहून आलेला धर्म आता त्यांना परका वाटत होता. 'आमचे वाडवडील करत आले, तसंच आम्ही करू' एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या मते या सगळ्या कहाणीत शिकण्यासारखी जागा हीच आहे. आईबापांकडून मुलांकडे गेला तो सिद्धान्त नव्हता, आईबापांचं करणं होतं.

नागासाकी प्रांतातल्या इकित्सुकी बेटावरचे असेच छुपे ख्रिस्ती म्हातारे 'गुरुरियोझा' नावाची एक प्रार्थना गायचे. शब्द लॅटिन होते, पण इतके झिजलेले की अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. संगीत-अभ्यासक मिनागावा तात्सुओ यांनी तिचं मूळ वर्षानुवर्षं शोधलं आणि शेवटी स्पेनमध्ये सोळाव्या शतकातल्या एका पुस्तकात त्यांना ती चाल सापडली. ती तिथल्याच एका भागातली होती. बेटावर मात्र मुलगा बापाचं ऐकून ती गातच आला होता. आता गाणारे मोजकेच उरलेत. पोरं नोकरीसाठी शहरात गेली.