मुठेतला ऑक्सिजन आणि दोन कायदे

पुण्यात खडकवासल्यापासून संगमापर्यंत मुठा नदीत मिसळणाऱ्या मैलापाण्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. ही ऑक्सिजनची मागणी म्हणजेच बीओडी. आपल्याकडे ती मोजण्यासाठी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. नदीत स्नान करता यावे यासाठी दर लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असू नये, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

हे मंडळ १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने अस्तित्वात आले. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे तो कायदा संसदेला राज्यांच्या ठरावांवरून, घटनेच्या कलम २५२ खाली करावा लागला. महाराष्ट्राने, हे आवर्जून सांगायला हवे, त्याआधीच १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला होता.

आता हवामानबदलाचा संबंध पाहू. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.५, पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे तो आणखी थोडा कमी. शिवाय उष्णतेने जिवाणूंची भूक वाढते. म्हणजे मैलापाणी तेवढेच राहिले, तरी तापलेल्या नदीला ५ मिलिग्रॅमची पातळी राखणे अवघड जाते.

उपाय म्हणून बांधलेल्या मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पांत जिवाणूंना हवा पुरवली जाते आणि प्रकल्पाच्या विजेचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग बहुधा ही हवा फुंकणाऱ्या ब्लोअरवरच खर्च होतो. देशातील बहुतांश वीज अजून कोळशाची असल्याने नदी शुद्ध करताना धूर दुसरीकडे कुठेतरी निघतो. तरीही शुद्धीकरण टाळणे हा मुळीच पर्याय नव्हे, कारण ऑक्सिजन संपलेल्या गाळातून मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते.

विजेची बाजू २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याकडे आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात कार्बन क्रेडिटचा, म्हणजे टाळलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या प्रमाणपत्रांचा, व्यापार आणि अजीवाश्म (कोळसा-तेलापासून नसलेल्या) ऊर्जेच्या वापराची सक्ती करण्याचा अधिकार आला. मूळ कायद्याच्या अनुसूचीत पोलाद, सिमेंट, रेल्वे असे मोठे वीजग्राहक आहेत. मैलापाणी प्रकल्प मात्र नाहीत. माझ्या मते उणीव इथे आहे. गाळ बंद टाकीत कुजवून मिळणाऱ्या मिथेनवर प्रकल्पाची काही वीज भागवता येते, पण ते करणाऱ्याचे श्रेय आणि न करणाऱ्याची उधळपट्टी पाण्याचा बीओडी मोजून कळत नाही. राज्याच्या प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडीला मर्यादा असते. तिच्या शेजारीच एक किलो बीओडी काढण्यास किती युनिट वीज लागली, याची नोंद सक्तीची करता येईल.