अचूक पत्ताशोध (कमांड लाइन ईमेल)

कमांड लाइनवरून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी, चालणाऱ्या ईमेल साधनात एका ठरावीक पत्त्याचे सगळे संदेश, आणि फक्त तेच, शोधून काढणे म्हणजे अचूक पत्ताशोध. यात बिघाड दोन तऱ्हेने दिसतो : परक्या पत्त्यांचे संदेश निकालात मिसळतात, किंवा जो संदेश आहे हे ठाऊक असते तोच सापडत नाही. शोधशब्द पुन्हापुन्हा बदलून पाहण्यापेक्षा साधनाने आपल्या शोधाचा काय अर्थ लावला, हे आधी तपासणे केव्हाही बरे.

नॉटमच हे ईमेल शोधण्याचे साधन झेपियन या शोधलायब्ररीवर (शोधाच्या तयार कोडसंचावर) उभे आहे आणि झेपियनच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शब्दांच्या शोधसूचीत, पत्ता अखंड राहत नाही. ॲट चिन्ह, टिंब आणि आडवी रेघ यांच्या ठिकाणी त्याचे तुकडे पडतात. अधोरेषा मात्र शब्दाचाच भाग मानली जाते. त्यामुळे ‘फ्रॉम’ हा प्रेषकासाठीचा उपसर्ग लावून ‘फ्रॉम:अनिल@नमुना.कॉम’ असा शोध दिला की ‘अनिल’, ‘नमुना’ आणि ‘कॉम’ हे तीन शब्द याच क्रमाने लागोपाठ असलेले सर्व प्रेषक मिळतात, आणि ‘जोशी.अनिल@नमुना.कॉम’ हा वेगळाच प्रेषकही त्या अटीत बसतो. पत्त्याभोवती अवतरणचिन्हे घातली तरी फरक पडत नाही, कारण तो शोध आधीपासूनच वाक्यांशाचा, म्हणजे लागोपाठच्या शब्दांचा, असतो. ‘नॉटमच_डीबग_क्वेरी’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेले सेटिंग) भरून शोध चालवला, तर शोधाचे झेपियनने केलेले रूपांतर डोळ्यांसमोर येते. निदानाची सुरुवात इथूनच करावी.

खात्रीचा उपाय म्हणजे ‘फ्रॉम’ला दोन तिरक्या रेघांमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खुणांनी लिहिलेला मजकुराचा नमुना, देणे. ही तुलना प्रेषकाच्या संपूर्ण हेडरशी (संदेशाच्या माथ्यावरील नाव-पत्त्याच्या नोंदीशी) होते, नुसत्या पत्त्याशी नाही. म्हणून पत्त्याआधी आरंभदर्शक चिन्ह (^) लावले, तर ज्या संदेशात पत्त्याआधी नाव लिहिलेले आहे तो वगळला जातो. पत्ता कोनी कंसांत (< >) बांधला, तर बिननावाचा उघडा पत्ता सुटतो. दोन्ही शक्यता एकाच एक्स्प्रेशनमध्ये मांडाव्या लागतात. टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होत असल्याने ते चौकटी कंसात ठेवावे. ही तुलना लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानते, हेही इथे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय कोनी कंस शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दृष्टीने फाइल वळवण्याची खूण आहे, म्हणून संपूर्ण शोध एकेरी अवतरणांत द्यावा, नाहीतर तो नॉटमचपर्यंत धड पोहोचतच नाही.

काही वेळा शोध बरोबर असतो आणि निकालाचे वाचन चुकते. नॉटमच मुळात थ्रेडची, म्हणजे संदेश व त्यांच्या उत्तरांच्या मालिकांची, यादी देते. त्या ओळीत उभ्या रेघेआधीची नावे जुळलेल्या संदेशांच्या लेखकांची, तर नंतरची त्याच थ्रेडमधील इतरांची असतात. फक्त जुळलेले संदेश हवे असतील, तर आउटपुट म्हणून थ्रेडऐवजी संदेश मागावेत. संदेश सापडतच नसेल, तर तो इंडेक्समध्ये आला आहे का हे पाहावे, आणि सेटिंगमध्ये वगळण्यासाठी नेमलेला एखादा टॅग (खूणचिठ्ठी) त्यावर लागला आहे का, हेही तपासावे. वगळणूक बंद करून तोच शोध पुन्हा दिल्यास उत्तर मिळते.

मट या दुसऱ्या कमांड लाइन ईमेल साधनात अडचण उलट बाजूने येते. तिथे ‘~फ’ हा प्रेषक शोधणारा नमुना मुळातच रेग्युलर एक्स्प्रेशन असतो, म्हणून उघडे टिंब भलतीच अक्षरेही स्वीकारते. टिल्डेऐवजी बरोबरचे चिन्ह वापरले की साधा मजकूर जुळवला जातो. नमुन्यात एकही मोठे अक्षर नसेल, तर मट लहान-मोठ्या अक्षरांतला भेद सोडून देते. तरीही हा शोध उपमजकुराचा (मजकुराच्या कोणत्याही भागाचा) आहे, म्हणजे ‘अनिल’ शोधताना ‘सुनिलअनिल’ही येतो.

प्राप्तकर्त्याच्या बाबतीत नॉटमचमध्ये पेच जास्त आहे. ‘टू’ या उपसर्गाला रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय नाही, आणि तो मुख्य प्राप्तकर्ता, सीसी (प्रत मिळणारे) व बीसीसी (गुप्त प्रत मिळणारे) या तिघांनाही एकत्र शोधतो. अशा वेळी शब्दशोधाने मिळालेल्या संदेशांच्या फाइल मागवून त्यांतील हेडर स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि लांब प्राप्तकर्ता-यादी पुढच्या ओळींवर दुमडलेली असू शकते, याचे भान तपासणाऱ्या आज्ञेला द्यावे लागते.