ट्रेंडेलेनबर्ग चिन्ह

एका पायावर उभे राहिल्यावर उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकणे, या लक्षणाला वैद्यकात ट्रेंडेलेनबर्ग चिन्ह म्हणतात. दोष झुकणाऱ्या बाजूला नसून ज्या पायावर शरीर तोललेले असते त्या बाजूच्या खुब्यात असतो, आणि नवशिक्या विद्यार्थ्याची गफलत होते ती नेमकी येथेच. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग (१८४४–१९२४) यांनी १८९५ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या काही महिने आधी, जन्मतः खुबा निखळलेल्या रुग्णांच्या चालीवरून त्याचे वर्णन केले. अशा रुग्णांची झुलती चाल मांडीच्या हाडाचा माथा वरखाली सरकल्यामुळे होते, असा तेव्हाचा समज होता. खरे कारण स्नायूंच्या दुबळेपणात आहे, हे त्यांनी केवळ बारकाईने पाहून दाखवून दिले.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. श्रोणीच्या, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याच्या, खोलगट वाटीत मांडीच्या हाडाचा गोल माथा बसतो. माथ्याखाली तिरकी मान असते आणि तिच्या बाहेरच्या टोकाशी असलेला उंचवटा कमरेखाली बाजूला चाचपल्यास हाताला लागतो. श्रोणीच्या बाह्य पृष्ठभागावरून निघणारे मध्यम आणि लघू नितंबस्नायू या उंचवट्यावर येऊन चिकटतात. मांडी बाहेर नेणे हे त्यांचे पुस्तकात सांगितलेले काम. चालताना मात्र एक पाय अधांतरी असेपर्यंत श्रोणी समतल धरून ठेवणे हे त्यांचे खरे, दिवसभर चालणारे काम आहे. येथे खुबा तरफेच्या टेकूसारखा असतो; टेकूपासून शरीराच्या भारापर्यंतचे अंतर, म्हणजे भाराची भुजा, या स्नायूंच्या भुजेपेक्षा दुपटीहून अधिक लांब असल्यामुळे त्यांना मोठा जोर लावावा लागतो. म्हणूनच ६० किलो वजनाची व्यक्ती एका पायावर उभी राहिली, तरी त्या खुब्यावर सुमारे १५० ते १८० किलोंचा दाब येतो.

तपासणीसाठी कोणतेही उपकरण लागत नाही. रुग्णाला पाठमोरे उभे करून तपासणारा कमरेमागच्या दोन खळग्यांवर अंगठे टेकवतो आणि एक पाय उचलायला सांगतो. अंगठे एका रेषेत राहिले किंवा उचललेल्या बाजूचा किंचित वर गेला, तर स्नायू शाबूत आहेत. काहींची कंबर प्रथम स्थिर राहते आणि स्नायू थकल्यावर हळूहळू खाली येते, म्हणून अर्धा मिनिट तरी थांबावे; घाईत केलेली तपासणी फसवी ठरते. अतिशय वेदना असल्यास, तोल सांभाळता येत नसल्यास किंवा मूल फार लहान असल्यास या चिन्हावर विसंबता येत नाही.

कारणे तीन ठिकाणी शोधावी लागतात. खुबा निखळल्यास तरफेचा टेकूच हरवतो. हाडाची मान मोडून जुळली नाही, किंवा तिचा कोन कमी झाला, तर तरफ बिघडते. तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द स्नायू आणि त्यांची तंत्रिका (नस). पोलिओने हे स्नायू लुळे पडलेली अनेक माणसे आपल्याकडे आजही त्याच चालीने चालताना दिसतात. खुब्यावरील शस्त्रक्रियेत उंचवट्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर वरून जाणाऱ्या तंत्रिकेला इजा होऊ शकते. चाळिशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, या स्नायूंचे कंडरे, म्हणजे त्यांना हाडाशी जोडणारे दोर, झिजतात आणि त्या कुशीवर झोपणे असह्य होते. पूर्वी या दुखण्याचा दोष सरसकट तेथील द्रवपिशवीच्या दाहाला दिला जाई.

दोन्ही खुबे दुबळे असल्यास चाल बदकासारखी डुलती होते. लहान मुलाची अशी चाल कौतुकाने पाहत न राहता त्याचे खुबे तपासून घ्यावेत. तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट आवळल्याने सैल खुबा निसटण्याचा धोका वाढतो. मूल कडेवर घेताना मात्र त्याच्या मांड्या फाकलेल्या राहतात आणि माथा वाटीत नीट बसतो.

दुबळ्या खुब्याच्या रुग्णाने काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. अनेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. परंतु विरुद्ध हातातील काठीला लांब भुजा मिळत असल्याने तिच्यावर दिलेला थोडासा भारही नितंबस्नायूंचे बरेचसे काम वाचवतो आणि सांध्यावरचा दाब कमी होतो.