युरेल की इंटररेल? ठरवणार तुमचा पत्ता

युरोपात विमानाऐवजी रेल्वेने हिंडायचं ठरवून पास शोधायला बसलं की दोन नावं समोर येतात, युरेल आणि इंटररेल. दोन्ही पास 33 देशांत चालतात, पासात जेवढे प्रवासाचे दिवस घ्याल तेवढे दिवस रेल्वेने फिरायचं, दर जवळपास सारखे, मोबाईलवरचं ॲपसुद्धा एकच. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो, 'यातला स्वस्त कुठला?' आणि उत्तरं येतात ती बहुतेक ठोकून दिलेली. मुळात इथे निवडायला काही नाहीच. युरोपात राहणाऱ्याने इंटररेल घ्यायचा, बाहेरून येणाऱ्याने युरेल. दोन्ही विकणारी कंपनी एकच, नेदरलँड्सच्या उट्रेख्त शहरातली युरेल बी.व्ही.

घोळ होतो तो पासपोर्टपाशी. 'आपण भारतीय, म्हणजे आपल्याला युरेल' असं धरून चालतात, पण इथे भारतीय पासपोर्टपेक्षा तुम्ही राहता कुठे हे महत्त्वाचं. पुण्याहून आलेल्या आईबाबांना युरेल, आणि म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीला इंटररेल, पासपोर्ट तिघांचेही निळेच. तिच्याकडे जर्मनीच्या रहिवासी परवान्याचं कार्ड असतं, तोच तिचा पुरावा. लंडनमधली मराठी मंडळीही इंटररेलवालीच. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, या पासातून नाही. गाडीतला तपासनीस पासाबरोबर पासपोर्ट आणि राहण्याचा पुरावा मागू शकतो, त्यामुळे 'चालतंय की' म्हणून दुसराच पास घेण्यात अर्थ नाही.

एकाच मालाला दोन नावं का, याचं उत्तर इतिहासात आहे. युरेल 1959 चा, समुद्रापलीकडून येणाऱ्या, मुख्यतः अमेरिकन पर्यटकांसाठी काढलेला. इंटररेल 1972 चा, आणि तो युरोपातल्याच पोरांसाठी: वय 21 पर्यंत, देश 21, मुदत एक महिना. खरं तर ती एकाच वर्षापुरती योजना होती, पण इतकी चालली की बंद करायची कुणाची हिंमत झाली नाही. पुढे वयाची अटही गेली. दोन्ही योजना वाढत वाढत एकमेकींसारख्या झाल्या, नावं तेवढी वेगळी राहिली.

एक फरक मात्र उरला आहे आणि तो खिशाला लागतो. इंटररेलवाल्याला स्वतःच्या देशात मोकळं फिरता येत नाही. एक दिवस देशाबाहेर पडायला, एक दिवस परतायला, बस्स. युरेलला अशी अट नाही.

वरच्याच कुटुंबाचं बघू. आईबाबा म्युनिकला उतरले. बेत असा: आधी जर्मनीतच न्युरेंबर्ग आणि हॅम्बुर्ग, तिथून बर्लिन, मग प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि स्वित्झर्लंडमार्गे म्युनिक. आईबाबांच्या पासावर हे सगळं बसतं. मुलीचा पास मात्र जर्मनीतल्या दोनच दिवसांना चालणार. त्यातला एक ती बर्लिन-प्राग प्रवासाला वापरेल आणि दुसरा शेवटी झ्युरिकहून घरी यायला. म्हणजे त्याआधीच्या जर्मनीतल्या गाड्यांची तिकिटं तिने वेगळी काढायची. तिच्याकडे डॉइचलँड-टिकेट, म्हणजे तिथला मासिक पास, असेल तर तो प्रादेशिक गाड्यांत चालतो, पण वेगवान आयसीईत नाही. आईबाबा आयसीईत आणि लेक मागून रखडत येणाऱ्या गाडीत, असं कोण करणार! तेव्हा तिचं आयसीईचं तिकीट लवकर काढावं. आधी काढलं तर सवलतीच्या दरात मिळतं, ऐनवेळी काढलं तर डोळे पांढरे होतात. किंवा जर्मनीतलं फिरणं पासाबाहेर ठेवून पास थेट बर्लिन-प्रागच्या दिवसापासून सुरू करावा. मला हा दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण आईबाबांनाही मग कमी दिवसांचा पास पुरतो.

बर्लिन-प्राग हा टप्पा विमानाने करणाऱ्यांची मला कीव येते. ड्रेस्डेन सोडलं की रूळ एल्ब नदीच्या काठाने जातात, दोन्ही बाजूंना वाळूच्या दगडाचे उभे कडे, आणि सरहद्द कधी मागे पडली ते मोबाईलवर चेक नेटवर्कचा मेसेज आल्यावर कळतं. सव्वाचार तासांच्या आसपासचा प्रवास. विमानतळावर जा, रांगा लावा, बाटल्या फेका, एवढ्यातच त्यातला बराच वेळ जातो. शिवाय स्वस्त विमानं शहरात उतरतातच असं नाही. पॅरिसच्या नावावर खपवला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून 80 किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वे मात्र शहराच्या पोटात नेऊन सोडते.

बाकीच्या गोष्टी दोन्ही पासांत सारख्या. वय 27 पर्यंत असेल तर 25 टक्के सवलत, साठीपुढे 10 टक्के, आणि 4 ते 11 वर्षांची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट. घेतल्यापासून 11 महिन्यांत पास सुरू करावा लागतो.

आणि सारखीच एक डोकेदुखी: आरक्षण. आपल्याकडे लांबच्या गाडीचं तिकीट काढलं की बर्थ त्यातच येतो, म्हणून पास घेतल्यावर जागा आपलीच असं वाटतं. तसं नाही. युरोपातला हा पास मुंबईच्या लोकलच्या पासासारखा आहे, प्रवासाचा हक्क देतो, बसायची हमी देत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत त्याने अडत नाही, चढा आणि मोकळी जागा दिसली की बसा. पण फ्रान्सच्या टीजीव्हीत, इटलीच्या फ्रेच्चारोसात, स्पेनच्या आव्हेत, अशा वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षण सक्तीचं, आणि त्याचे पैसे वेगळे, सहसा माणशी 10 ते 20 युरो. चौघांचं कुटुंब आणि अशा पाच-सहा गाड्या धरून हिशेब करून बघा. पासाची किंमत बघून हुरळून जाणारे इथे आपटतात. इटलीत याला एक पळवाट आहे. व्हेनिसहून फ्लॉरेन्सला साध्या रेजोनाले गाड्या बदलत गेलं तर आरक्षण लागत नाही. वेळ जास्त लागतो, पण बोलोन्याला उतरून जेवता येतं.

स्वित्झर्लंडमध्येही तेच. बर्निना एक्सप्रेसच्या मोठ्या काचांच्या डब्यांत बसायचं तर पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजा. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साध्या गाड्याही जातात. त्यांत पास पुरतो, आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणजे फोटोत काचेची चमक येत नाही.

रात्रीच्या गाडीचा नियम फायद्याचा आहे. व्हिएन्नाहून व्हेनिसला रात्री निघालात आणि मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही, तर पासातला निघाल्याचा एकच दिवस खर्ची पडतो. बर्थचे पैसे मात्र वेगळे, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ते आधी भरलेले बरे.

दोन-तीनच शहरं करायची असतील तर दोन्ही पास विसरा, सुटी तिकिटं लवकर काढा.

आणि लंडन जोडायचं असेल तर समुद्राखालच्या बोगद्यातून तिथे जाणाऱ्या युरोस्टार गाडीतही पास चालतो, पण पासधारकांच्या जागा मोजक्याच असतात, तेव्हा तारीख ठरली की आधी तीच गाडी धरा, बाकीचा बेत नंतर. भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते दुसरंच: शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा, एकदाच प्रवेशाचा असेल, तर पॅरिसहून लंडनला गेल्यावर त्याच व्हिसावर परत पॅरिसला येता येत नाही. अशा वेळी लंडन सहलीच्या सुरुवातीला ठेवा किंवा शेवटी, मध्ये नको.