चाळीस सेंटची लस : आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसची पार्श्वभूमी

२०२४च्या एप्रिलमध्ये बातमी आली की मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, पाच प्रकारांवर एकत्र चालणारी नवी लस जगात सगळ्यात आधी नायजेरियाने वापरायला घेतली. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, त्यामुळे आपल्याकडेही ती छापून आली आणि दोन दिवसांत मागे पडली. सीरम म्हटलं की आपल्याला कोविशिल्ड आठवते. पण या कंपनीचं माझ्या मते सगळ्यात मोठं काम कोविशिल्डच्या दहा वर्षं आधीच होऊन गेलं होतं, आणि ज्यांच्यासाठी ते झालं ती माणसं सहाराच्या दक्षिणेला राहतात.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेला आडवा छेदणारा एक पट्टा आहे. १९६३ साली लापेसोनी या फ्रेंच लष्करी डॉक्टरने तिथल्या साथींचे आकडे नकाशावर मांडले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की साथी पसरतात त्या वर्षाला साधारण ३०० ते ११०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात. हाच ‘मेनिंजायटिस पट्टा’. आपल्या नगर-सोलापूरचा पाऊसही याच मापात बसतो आणि तिकडे असल्या साथी येत नाहीत, तेव्हा नुसत्या पावसाने उलगडा होत नाही. सहाराकडून येणारा हरमाटन हा कोरडा, धुळीचा वारा, दाटीवाटीची घरं आणि आधीच्या साथीतून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरणं, असं सगळं जुळून यावं लागतं. डिसेंबरपासून रुग्ण दिसू लागतात, मार्च-एप्रिलमध्ये आकडा शिगेला पोहोचतो आणि पाऊस सुरू झाला की साथ ओसरते.

यामागचा जीवाणू, मेनिंगोकॉकस, १८८७ साली व्हिएन्नात वाइक्सेलबाउम या संशोधकाने शोधला. तो राहतो फक्त माणसाच्या नाका-घशात, आणि बहुतेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. काही आठवडे-महिने वस्तीला राहून तो निघून जातो. मोजक्याच लोकांत तो रक्तात उतरतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. मग मात्र वेळ फार थोडा असतो. उपचार मिळूनही दहातला एक रुग्ण दगावतो आणि जे वाचतात त्यांच्यातही बऱ्याच जणांना बहिरेपणा किंवा मेंदूची कायमची इजा मागे राहते. म्हणजे आपण मोजतो ते रुग्ण, पण साथ पसरवतात ते धडधाकट दिसणारे वाहक. लस नेमकी कुणाला द्यायची, हा प्रश्न पुढे या एका गोष्टीवर येऊन ठेपला.

पहिली कामाची लस अमेरिकी लष्कराच्या गरजेतून आली. रंगरुटांच्या छावण्यांत सल्फाच्या (जीवाणू रोखणाऱ्या जुन्या औषधाच्या) गोळ्या देऊन हा आजार आटोक्यात ठेवला जायचा. १९६३च्या सुमारास जीवाणू सल्फाला दाद देईनासा झाला. मग लष्कराच्याच वॉल्टर रीड संशोधन संस्थेत गॉटश्लिक, गोल्डश्नायडर आणि आर्टेनस्टाइन यांनी जीवाणूवरचं शर्करेचं कवच शुद्ध करून त्याचीच लस बनवली. त्यांचं काम १९६९ साली छापून आलं. या कवचावरूनच जीवाणूचे ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय असे गट पडतात, आणि आफ्रिकेतल्या मोठ्या साथींमागे जवळजवळ नेहमी ए गट असायचा.

शर्करेची ही लस स्वस्त होती, सुरक्षितही होती. पण दोन वर्षांखालच्या मुलांवर तिचा फारसा उपयोग व्हायचा नाही, मोठ्यांनाही संरक्षण तीनेक वर्षांचंच मिळायचं, आणि घशातल्या जीवाणूला ती हात लावायची नाही. टोचून घेणारा वाचला तरी तो शेजाऱ्याला जीवाणू देतच राहायचा. त्यामुळे साथ येण्याआधी सगळ्यांना टोचून ठेवण्यात अर्थ नव्हता. उरली ती एकच तऱ्हा : साथ येऊ द्यायची, मोजायची आणि मग धावत जायचं.

हे मोजणं कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. गावातल्या आरोग्य केंद्रात ताप, ताठ मान आणि उलट्या घेऊन मूल येतं. मणक्यातलं पाणी काढतात. ते काचेसारखं स्वच्छ असायला हवं. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं की संशय पक्का. पण गट कुठला हे तिथे कळत नाही. राजधानीच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या रस्त्यात हा नाजूक जीवाणू मरून जातो, म्हणून नमुना खास पोषकद्रव्याच्या बाटलीत टोचून पाठवावा लागतो. तिकडे जिल्ह्याचा कारकून आठवड्याचे रुग्ण मोजत असतो. एका आठवड्यात लाख वस्तीमागे १५ (आता १०) रुग्ण झाले की साथ जाहीर होते. त्यानंतर लशीची मागणी, विमान, ट्रक, शीतपेट्या. मोहीम उभी राहीपर्यंत साथीचा भर बरेचदा ओसरलेला असतो.

१९९६-९७च्या साथीत ही पद्धत किती अपुरी आहे ते उघडं पडलं. अडीच लाखांवर रुग्ण आणि सुमारे २५ हजार मृत्यू. जगभरचा लशीचा साठा पुरेना. तो कुणाला किती द्यायचा हे ठरवायला १९९७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांना मिळून एक समन्वय गट नेमावा लागला. साथ आल्यावर वाटप करून भागणार नाही, येऊच नये अशी लस द्या, अशी मागणी आफ्रिकी देशांनी लावून धरली.

खेदाची गोष्ट अशी की अशी लस बनवायची विद्या तोवर हाती होती. शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक रीतीने जोडली तर शरीर तिच्याविरुद्ध जोमाने प्रतिपिंडं तयार करतं, हे एव्हरी आणि गोबेल यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९२९च्या सुमारास सशांवर दाखवलं होतं. या तत्त्वावरची ‘कॉन्ज्युगेट’ लस १९८०च्या दशकाअखेरीस हिब या दुसऱ्या जीवाणूवर आली. १९९९ साली ब्रिटनने सी गटाविरुद्ध अशी लस देशभर दिली आणि एक गोष्ट फार ठळकपणे दिसली : लस घेतलेल्या किशोरवयीन मुलांच्या घशातला सी गटाचा जीवाणू सुमारे दोनतृतीयांशाने घटला. त्यामुळे लस न घेतलेलेही वाचले. ए गटावर अशी लस नव्हती, कारण तो आजार ज्यांना व्हायचा त्यांच्याकडे पैसे नव्हते. विज्ञान अडलेलं नव्हतं.

२००१ साली पाथ ही आरोग्यक्षेत्रातली ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ‘मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट’ सुरू केला. गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले आणि सूत्रं मार्क लाफोर्स या अमेरिकी साथरोगतज्ज्ञाकडे आली. लाफोर्स आधी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना जाऊन भेटले आणि परवडेल असा भाव विचारला. उत्तर होतं, डोसला अर्ध्या डॉलरच्या आत. लशीआधी तिची किंमत ठरली, आणि पुढचे सगळे निर्णय या किमतीने घडवले. बड्या कंपन्यांशी बोलणी झाली, पण त्या भावात कुणी तयार होईना.

तेव्हा काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. ए गटाची शर्करा ॲमस्टरडॅमच्या सिन्को बायोपार्टनर्सकडून आली. जोडणीचं तंत्र अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून, कार्ल फ्रॅश आणि रॉबर्ट ली यांच्याकडून. जुन्या रीतीत महागडी शर्करा फार वाया जायची, यांच्या रीतीत उत्पादन बरंच वाढलं. प्रथिन आणि कारखाना पुण्याचा. प्रथिन म्हणजे धनुर्वाताचं टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेलं विष), आपण ज्याला ‘टीटीचं इंजेक्शन’ म्हणतो त्यातलंच. सीरम ते वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर बनवत होती, म्हणून हा घटक जवळजवळ घरचाच होता. भाव ठरला ४० सेंट, तेव्हाचे साधारण अठरा रुपये. याला उपकार म्हणायचं कारण नाही. प्रचंड संख्येवर थोडा नफा हे सीरमचं नेहमीचंच गणित होतं. ते इथे बसलं, इतकंच. पण ते बसवून दाखवायला दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं, हेही खरं.

पहिली मानवी चाचणी भारतात झाली, पुढच्या माली, गांबिया, सेनेगलमध्ये. जून २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत या लशीची, म्हणजे ‘मेनॲफ्रिव्हॅक’ची, देशव्यापी मोहीम सुरू झाली. दहा दिवसांत एक कोटीहून जास्त लोकांना लस दिली गेली. वयोगट होता १ ते २९. आजार मुख्यतः मुलांचा असताना पंचविशीतल्या तरुणाला कशाला टोचायचं, असं कुणालाही वाटेल. पण जीवाणू घशात वागवणाऱ्यांत शाळकरी मुलं आणि तरुण मोठ्या संख्येने असतात. ती साखळी तोडायची होती.

साखळी तुटली का, याचा सगळ्यात पटणारा पुरावा चाडने दिला, तोही योगायोगाने. २०११च्या अखेरीस तिथे राजधानी न्जामेना आणि आसपासच्या तीनच विभागांत सुमारे १८ लाख लोकांना लस मिळाली. बाकी देश थांबला होता. २०१२च्या हंगामात नेमकी साथ आली. लस न मिळालेल्या भागात लाखामागे सुमारे ४४ रुग्ण, लस मिळालेल्या भागात अडीच. घशातून स्वॅब घेऊन केलेल्या पाहणीत लशीआधी ४,२७८ जणांत ३२ वाहक सापडले होते. लशीनंतर काही महिन्यांनी ५,००१ जणांत एक.

बेनिनमध्ये २०१२ साली आणखी एक पाऊल पडलं. ही लस ४० अंशांपर्यंतच्या उन्हात चार दिवस टिकते अशी मान्यता मिळाल्याने शेवटच्या गावांपर्यंत ती बर्फाविना नेता आली. शीतपेट्यांचं ओझं खांद्यावरून वाहिलेल्या कुठल्याही आरोग्यसेविकेला विचारा, याचं मोल ती सांगेल. पुढे पट्ट्यातल्या देशांत मिळून तीस कोटींहून जास्त लोकांना लस मिळाली आणि २०१७नंतर तिथे ए गटाचा खात्रीशीर रुग्ण सापडलेला नाही.

ए गेला, पण मेनिंजायटिस गेला नाही. २०१५ साली नायजरमध्ये सी गटाची मोठी साथ आली. २०१७ साली नायजेरियात १४ हजारांवर संशयित रुग्ण झाले. ए ची जागा सी ने घेतली, म्हणजे लशीमुळेच हे झालं, असा संशय तेव्हा बोलून दाखवला गेला. पण हा सी गटाचा जीवाणू वेगळ्याच, नव्या वंशावळीचा निघाला, आणि एक्स गटाने तर नायजरमध्ये २००६ सालीच, लस येण्याच्या चार वर्षं आधी, साथ आणली होती. त्यामुळे तो आरोप टिकत नाही. एक्सवर मात्र जगात कुठलीच लस नव्हती. आपले हज यात्रेकरू जाण्यापूर्वी मेनिंजायटिसची जी लस घेतात, त्या चार गटांच्या लशीतही एक्स नसतो.

पाथ आणि सीरमने ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाचही गटांची लस हाती घेतली ती यासाठी, आणि पैसा यावेळी ब्रिटिश सरकारकडून आला. जुलै २०२३मध्ये या लशीला, ‘मेनफाइव्ह’ला, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी नायजेरियाने सुरुवात केली.

आता अडचण दोन ठिकाणी आहे. आपापल्या देशातली मोहीम होऊन गेल्यावर जन्मलेली मुलं तिच्यात आली नाहीत. त्यांना नेहमीच्या लसीकरणात, नवव्या ते अठराव्या महिन्यात लस मिळाली नाही तर काही वर्षांत ए गट परत येऊ शकतो, असं गणिती अंदाज सांगतात. घाना आणि सुदानने २०१६ सालीच ती नेहमीच्या वेळापत्रकात घेतली, काही देशांत मात्र ते काम रेंगाळलं. दुसरी अडचण पैशाची. पाच शर्करा वेगवेगळ्या बनवून जोडायच्या म्हणजे ४० सेंटचा हिशेब इथे चालत नाही. नवी लस कित्येक पटींनी महाग आहे आणि देशांची भिस्त ‘गावी’ (Gavi) या आंतरराष्ट्रीय लस-निधीवर आहे. मेनॲफ्रिव्हॅकच्या वेळी भाव आधी आफ्रिकेला विचारला होता. मेनफाइव्हच्या वेळी तो अर्ध्या डॉलरच्या आत बसला नाही.