सिंक दाबला की झालं का? लॅपटॉप आणि टर्नटेबल शेजारी शेजारी

हळदीच्या मांडवात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला डीजेसमोर लॅपटॉप दिसला की मागून कुणीतरी म्हणतंच, "ह्यात काय हाय, बटण दाबलं की झालं. खरा डीजे तबकडीवरचा." शेजारचा लगेच सांगतो की तबकड्या म्हणजे जुन्या लोकांची हौस. दोघंही अर्धंच बघून बोलतात. लॅपटॉपमधल्या 'सिंक' नावाच्या बटणानं एक अवघड काम डीजेच्या हातातून काढून घेतलंय, हे खरं. पण ते काम किती मोठं होतं आणि त्याच्या जागी काय आलं, हे दोन्ही यंत्रं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

ते काम म्हणजे दोन गाण्यांची लय कानानं जुळवणं. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, १९७२ मध्ये आलं. १९७९ च्या एमके२ मॉडेलवर वेग कमीजास्त करायला सरळ सरकणारा पिच फेडर आला, आठ टक्के वर आणि आठ टक्के खाली. म्हणजे १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोक्यांचं) गाणं ११०.४ पासून १२९.६ पर्यंत नेता येतं, त्यापलीकडे नाही. पडद्यावर आकडा दाखवायला पडदाच नाही. एक गाणं स्पीकरवर चालू असतं, दुसरं हेडफोनच्या एका कानात. तबकडी आणि खालची फिरती थाळी यांच्यामध्ये फेल्टचा स्लिपमॅट असतो, त्यामुळं थाळी फिरत राहते आणि तबकडी बोटानं धरून ठेवता येते. पहिला ठोका सुईखाली आणायचा, मागंपुढं हलवून तो नक्की करायचा आणि चालू गाण्याच्या समेवर तबकडी हलकीशी ढकलून सोडायची. नुसती सोडली तर ती क्षणभर मागं पडते.

खरी परीक्षा यापुढं. नवं गाणं पुढं पळतंय की मागं राहतंय, हे ओळखायचं. मागं असेल तर लेबलापाशी बोटानं पुढं रेटायचं, पुढं असेल तर थाळीच्या कडेला बोट टेकवून किंचित अडवायचं आणि त्याच दिशेनं फेडर सरकवायचा. बोटानं चूक तेवढ्यापुरती भरून निघते, वेग मात्र फेडरनंच सुधारतो. नवशिके नुसतं रेटत बसतात आणि दर दहा सेकंदांनी तीच चूक परत येते. १२० बीपीएमला एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ५०० मिलिसेकंद असतात. फेडर फक्त ०.१ टक्क्यानं चुकला तरी अर्ध्या मिनिटात दोन गाणी ३० मिलिसेकंदांनी सुटतात आणि ठेका दुहेरी ऐकू यायला लागतो. भोक मध्यावरून जरा सरकलेली तबकडी असेल तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला दर १.८ सेकंदांनी वेग डुलतो. तिथं फेडर कितीही नीट लावा, बोट थाळीवरून उचलता येत नाही.

त्याआधी यंत्र लावणं आहेच. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवायचं, तिथं आकडा शून्यावर आणायचा आणि मग सुईच्या कंपनीनं सांगितलेला भार द्यायचा. डीजेच्या बऱ्याच सुयांना तो ३ ग्रॅमच्या आसपास असतो. कमी दिला तर सुई उडते, जास्त दिला तर तबकडीची खाच झिजते. ग्राउंडची वायर मिक्सरला लावायची राहिली की ५० हर्ट्झची घरघर ठरलेली.

आता लॅपटॉप. सॉफ्टवेअर गाणं आधीच तपासून त्याचा बीपीएम काढतं आणि प्रत्येक ठोक्यावर खूण करतं. या खुणांच्या जाळीला बीटग्रिड म्हणतात. सिंक दाबला की दोन जाळ्या एकमेकींवर बसतात. वर सांगितलेली बोटाची आणि फेडरची सगळी कसरत तिथं संपते. शिवाय की-लॉक असतो. तबकडीचा वेग सहा टक्क्यांनी वाढवला तर सूरही जवळपास अर्ध्या सुरानं चढतो, पांढरी दोनचं गाणं काळी दोनला जातं. लॅपटॉपवर वेग वाढतो, पट्टी तीच राहते. मात्र ओढाताण दहा टक्क्यांच्या वर गेली की गायकाचा आवाज चिरका, पाणचट होतो.

पण जाळी बरोबर असेल तरच हे सगळं. क्लबसाठी संगणकावर बनवलेल्या गाण्यात ती बहुतेक वेळा अचूक येते. जुनी लावणी, कोळीगीत किंवा १९८० च्या आधीचं चित्रपटगीत घ्या. ढोलकीवाला माणूस आहे. अंतऱ्यात लय चढते, मुखड्याला सैल होते. सॉफ्टवेअर बऱ्याचदा सगळ्या गाण्याला एकच सरासरी बीपीएम देऊन मोकळं होतं, मग पहिल्या कडव्यात जुळलेलं गाणं तिसऱ्यात फुटतं. ७० चं गाणं १४० म्हणून नोंदलं जाणं हाही नेहमीचा घोळ. दादऱ्यात तर आणखी गंमत होते. ठेका सहा मात्रांचा आणि सॉफ्टवेअर मोजतं चार-चार, त्यामुळं त्याची पहिली खूण आणि गाण्याची सम दर बारा मात्रांनीच एकत्र येतात. सिंक ठोक्यावर ठोका बसवतो. सम कुठं आहे हे त्याला माहीत नसतं. दोन्ही गाणी ठाकठीक चालतायत, पण एकाचा मुखडा दुसऱ्याच्या कडव्याच्या मधोमध घुसला, तर नाचणारे थबकतात, कारण सांगता आलं नाही तरी.

म्हणून लॅपटॉपवाल्याचं कष्टाचं काम कार्यक्रमाच्या आधी असतं. लाइव्ह ठेक्याच्या गाण्यात दर काही आवर्तनांनी जाळीला नवी खूण द्यायची, समेवर क्यू पॉइंट, म्हणजे गाणं थेट तिथून सुरू करायची खूण, लावायचा, मुखडा आणि बाहेर पडायची जागा वेगळ्या रंगानं दाखवायची. एका अवघड गाण्याला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. ज्यानं हे घरी केलेलं नाही, तो मांडवात सिंक दाबतो आणि नशिबावर सोडतो. तबकडीवाल्याचं हेच काम तिथल्या तिथं, लोकांसमोर चालतं, आणि चुकलं तर लगेच ऐकू येतं. अवघडपणा दोन्हीकडं आहे, वेळ वेगळी.

या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे आणि लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ तिथंच होतो. टर्नटेबल फिरताना दिसतं, पण त्यावरच्या तबकडीत गाणं नसतं, असतो टाइमकोड नावाचा एक सूर. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या तबकडीवर तो १ किलोहर्ट्झचा आहे. सुई तो वाचते आणि तबकडीचा वेग, दिशा, जागा लॅपटॉपला कळते, गाणं लॅपटॉपमधलंच वाजतं. हात पूर्णपणे टर्नटेबलचा, साठा लॅपटॉपचा. मराठी लग्नात वाजणारी आजची गाणी तबकडीवर सहसा मिळत नाहीत, तेव्हा कोल्हापुरात कुणाला टर्नटेबलवर काम करायचं असेल तर हाच व्यवहारी मार्ग. यात सुईवर कचरा बसला की गाणं आपोआप थरथरतं किंवा उडी मारतं. सॉफ्टवेअरमधलं सिग्नलचं वर्तुळ गोल दिसलं पाहिजे. अंडाकार झालं तर सुई आणि वायर तपासा. कॅलिब्रेशन करताना, म्हणजे सॉफ्टवेअरला सुईचा सिग्नल ओळखायला लावताना, तबकडी थांबवून सुई तिच्यावर ठेवायची आणि बाजूला नेहमीच्या आवाजात गाणं चालू ठेवायचं, नाहीतर खोलीतला बेसच सॉफ्टवेअरला तबकडीची हालचाल वाटतो.

स्क्रॅचिंगच्या बाबतीत मात्र तबकडीचं पारडं जड आहे, यात वाद नको. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ग्रँड विझर्ड थिओडोरनं सुरू केलेला हा प्रकार म्हणजे एका हातानं तबकडी मागंपुढं आणि दुसऱ्या हातानं क्रॉसफेडर, म्हणजे एका डेकवरून दुसऱ्यावर आवाज नेणारी मिक्सरवरची पट्टी. बारा इंची तबकडी बोटाखाली सतत पुढं ओढत असते आणि सोडली की लगेच वेगात येते. लॅपटॉपला जोडायच्या साध्या कंट्रोलरचं पाच-सहा इंची जॉगव्हील, म्हणजे तबकडीच्या जागी असलेलं चाक, स्वतः फिरत नाही, ती ओढ बोटाला लागत नाही. त्यात लॅपटॉपचा बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायचा तुकडा, ५१२ सॅम्पलचा ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर. १२८ सॅम्पलला तो तीनवर येतो, पण जुना लॅपटॉप मग आवाज तोडायला लागतो. कंट्रोलरवर उत्तम स्क्रॅच करणारे आहेत. टर्नटेबलवर हात बसवायला त्यांनाही वेगळा वेळ द्यावा लागतो.

मिरवणुकीत हिशोब उलटा होतो. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर डॉल्बीच्या गाडीवर टर्नटेबल ठेवलं तर बेसची कंपनं चौकटीतून सुईत शिरतात, सुईतून परत स्पीकरमध्ये, आणि 'ऊंऽऽ' अशी वाढत जाणारी गुरगुर सुरू होते. हॉलमध्ये टर्नटेबलखाली जाड फरशी आणि फरशीखाली रबर टाकून हे आवरता येतं, चालत्या ट्रॉलीवर नाही. (जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलली तर टर्नटेबलचा वेग हलेल ही भीती मात्र फुकट, एमके२ ची मोटर क्वार्ट्झवर चालते.) तिथं लॅपटॉपच हवा, पण आरामाचं काम म्हणून नव्हे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. स्पीकरची भिंत दहा मीटरवर असेल तर तिचा ठोका डीजेच्या कानात २९ मिलिसेकंद उशिरा येतो, वर पुढच्या मंडळाचा वेगळाच ठेका. त्या आवाजावर हातानं गाणं सोडलं तर ते हमखास मागं पडतं. म्हणून शेजारी लहान मॉनिटर स्पीकर ठेवायचा किंवा दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकायची. जनरेटरवर लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर किरकिर आली तर क्षणभर चार्जर काढून बघा; थांबली तर मिक्सर आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागेल.

बाकी सगळं दोघांना सारखंच. दोन गाणी एकत्र वाजताना दोन्हींचा बेस एकदम ठेवायचा नाही, एकाचा उतरवत दुसऱ्याचा चढवायचा. मिक्सरचा लाल दिवा पेटू द्यायचा नाही. १२८ केबीपीएसची एमपी३ मोबाइलवर चालते, मोठ्या स्पीकरवर झांज शिसारी आणते. आणि पुढं कोणतं गाणं, हे यंत्र सांगत नाही. पेटीत साठ तबकड्या असणाऱ्याला निवड घरीच करून यावं लागतं. वीस हजार गाणी घेऊन आलेला ऐनवेळी शोधत बसतो.

शिकायचं असेल तर टर्नटेबल विकत घ्यायची घाई नको. साध्या कंट्रोलरवर सिंक आणि की-लॉक बंद करा, पिचची मर्यादा आठ टक्क्यांवर ठेवा आणि बीपीएमच्या आकड्यावर कागद चिकटवा. पडद्यावरची आवाजाच्या लाटांची चित्रंही झाका. डोळे फार लवकर फितूर होतात. सुरुवातीला सरळ ठोक्याची, दोन-तीन टक्के फरकाची दोन गाणी घ्या आणि एकदा जुळवल्यावर हात न लावता ३२ ठोके टिकतात का बघा. मग ६४. मग एका बाजूला लाइव्ह ढोलकीचं गाणं लावा. एवढं जमलं की टर्नटेबलवर नवं शिकायचं ते फक्त सुईचा भार, तबकडी सोडण्याचा हात आणि थाळीच्या कडेवरचं बोट.