लाँग कोविडमध्ये प्राणायाम: किती आणि कसा

ठाणे स्टेशनचा पूल चढून लोकल पकडली, त्या दिवशी काहीच वाटलं नाही. अंथरुणातून उठवेना झालं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. लाँग कोविडच्या, म्हणजे कोविड सरल्यावरही रेंगाळणाऱ्या त्रासाच्या, अनेक रुग्णांमध्ये श्रमांचा त्रास असा 12 ते 48 तासांनी उफाळतो, त्यामुळे तो कशाने वाढला हे लक्षातच येत नाही.

हा मनाचा खेळ नव्हे. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी अशा रुग्णांना सायकल चालवायला लावून, त्याआधी आणि नंतर, मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात श्रमांनंतर स्नायूंमधली इजा वाढलेली दिसली. म्हणून ‘रोज थोडं वाढवत न्या’ हा एरवी चांगला सल्ला इथे उलटतो. बरं वाटलेल्या दिवशी साठलेली कामं उरकायला घेणं, ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. तलावपाळीची फेरी, आंघोळ, फोनवरचं लांबलेलं बोलणं, हे सगळं श्रमांतच धरा आणि वहीत लिहा.

श्वसनाचा सराव औषधाला पर्याय नाही, जोड आहे. आडवं व्हा, गुडघ्यांखाली उशी घ्या, एक हात पोटावर ठेवा. नाकाने 4 सेकंद श्वास आत, 6 सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला 6 श्वास. लांब उच्छ्वासात व्हेगस या मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती किंचित उतरते. सुरुवातीला 3 मिनिटं, दिवसातून दोनदा, पुरे. मोजणी जड गेली तर 3 आणि 4 करा.

बिघडतं ते छाती भरभरून श्वास घेतल्याने. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. श्वास हलका हवा, मोठा नव्हे. याच कारणाने कपालभाती, भस्त्रिका सध्या नकोत, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणंही नको.

उभं राहिल्यावर धडधडत असेल तर आधी 10 मिनिटं झोपून नाडी मोजा. मग उभं राहून 10 मिनिटांत ती मिनिटाला 30 किंवा अधिक ठोक्यांनी वाढते का, ते पाहा. सोबत कुणी तरी हवंच. चक्कर आली तर लगेच बसा. नाडी इतकी वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. अशांना ऑक्टोबरचा उकाडा आणि कढत पाण्याची आंघोळ फार जाचते. अशा त्रासात कधी कधी मीठ वाढवायला सांगतात, पण ते डॉक्टरांनी सांगितलं तरच, कारण घरात रक्तदाबाचा त्रास असलेले अनेक जण असतात.

गाण्याचाही उपयोग होतो. लंडनची इंग्लिश नॅशनल ऑपेरा ही संगीतनाट्य संस्था आणि तिथलं इम्पीरियल कॉलेज यांनी अंगाईगीतांवर आधारलेला 6 आठवड्यांचा ऑनलाइन श्वसनवर्ग घेतला. 150 जणांच्या चाचणीत मानसिक स्वास्थ्य सुधारलं, दमही काहीसा कमी लागला. आपल्याकडे ओवी किंवा अंगाई बसून, हळू आवाजात, दोन कडवी म्हणता येईल.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली जाणं, यांपैकी काहीही झालं तर सराव थांबवून त्याच दिवशी तपासणी करून घ्या. एरवी सलग आठवडाभर त्रास उफाळला नाही, तरच सराव एका मिनिटाने वाढवा.